खवले मांजर आणि मोठे वटवाघूळ: दोन सस्तन प्राण्यांची तुलना करून वर्गीकरण कसे मांडावे

शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत 'दोन प्राण्यांची तुलना करा' असे आले की बहुतेक वह्यांत एकच तक्ता दिसतो. डावीकडे एक प्राणी, उजवीकडे दुसरा, आणि खाली रंग, वजन, आहार, निवारा. खवले मांजर जमिनीवर चालते, वटवाघूळ उडते. एक मुंग्या-वाळवी खाते, दुसरे फळे. यातले काहीच चुकीचे नाही. पण हे दोन प्राणी एकमेकांचे किती जवळचे, ते एकाच वर्गात का आणि वेगळ्या गणांत का, याचे उत्तर त्या तक्त्यात कुठेच सापडत नाही. वर्गीकरण म्हणजे प्राण्यांच्या नात्याचा हिशेब. त्यामुळे तुलना करताना प्रत्येक साम्याला आणि प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारायचा: हे पूर्वजाकडून आले आहे, की जगण्याच्या पद्धतीमुळे घडले आहे?

ही जोडी मी मुद्दाम निवडली आहे. दोन्ही प्राणी महाराष्ट्रात आहेत, दोन्ही रात्री वावरतात, दोघांविषयी गैरसमज भरपूर आहेत. शिवाय दोघांनाही शास्त्रज्ञांनी एकेकाळी भलत्याच घरात नेऊन बसवले होते. शिकण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

पायरी पहिली: जाती नक्की करा

'वटवाघूळ' ही जाती नाही. जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक वटवाघूळ असते. म्हणून कोणते वटवाघूळ, हे आधी ठरवा. आपण घेतले आहे ते वड, चिंच, पिंपळ अशा मोठ्या झाडांवर दिवसाढवळ्या उघड्यावर लटकणारे, कलकलाट करणारे मोठे फलाहारी वटवाघूळ: टेरोपस मेडियस. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सव्वा ते दीड मीटर, वजन दीड किलोच्या आसपास जाऊ शकते. मानेभोवती तांबूस-पिवळसर केस, कोल्ह्यासारखे लांबट तोंड, आणि शेपूट अजिबात नाही. जुन्या पुस्तकांत याचेच नाव टेरोपस जायगँटियस असे आढळेल. नावे बदलतात, म्हणून प्रकल्पात आजचे नाव लिहून जुने नाव सोबत नोंदवा.

खवले मांजर भारतात दोन जातींचे आहे. ईशान्येकडे चिनी खवले मांजर सापडते. महाराष्ट्रात असते ते भारतीय खवले मांजर, मॅनिस क्रॅसिकॉडाटा. फोटोवरून दोघांत फरक करायचा असेल तर शेपटीच्या टोकाची खालची बाजू बघा. भारतीय जातीत तिथे टोकाशी एक खवला असतो, चिनी जातीत नसतो.

नाव लिहिताना दोन गोष्टी पाळा. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे आणि बाकी सगळी लहान. छापील मजकुरात तिरपा ठसा, हस्तलिखितात खाली रेघ. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरला जातो. वर्गीकरणाच्या पाठात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे, तेवढे सांभाळा.

पायरी दुसरी: दोघेही सस्तन आहेत, हे आधी सिद्ध करा

फरकांकडे वळण्याची घाई करू नका. अंगभर खवले असलेला प्राणी सरपटणारा नाही आणि पंख असलेला प्राणी पक्षी नाही, हे 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणून सोडून दिले, तर तुलनेला पायाच राहत नाही.

पुरावे शोधा. पहिला, दूध. दोन्ही प्राण्यांच्या माद्या पिलांना दूध पाजतात. दोघींनाही छातीवर, काखेजवळ स्तनांची एक जोडी असते, आणि दोघींना साधारणपणे एका वेळी एकच पिलू होते. वटवाघळाचे पिलू आईच्या छातीला बिलगून असते; खवले मांजराचे पिलू थोडे मोठे झाले की आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून फिरते.

दुसरा पुरावा केसांचा. वटवाघळाचे केस दिसतातच. खवले मांजराचे पाहायला पोटाकडे आणि चेहऱ्याकडे बघावे लागते, कारण तिथे खवले नसतात. आशियाई जातींच्या खवल्यांच्या मधूनही राठ केस डोकावतात. आफ्रिकेतल्या जातींत ते नसतात. खवले स्वतः केराटिनचे असतात. आपली नखे आणि केस ज्या प्रथिनाचे, त्याच प्रथिनाचे. त्यांत औषधी गुण असल्याची समजूत निराधार आहे, आणि या समजुतीपायी या प्राण्यांची आशिया-आफ्रिकेत भयंकर कत्तल झाली आहे, हे इथेच सांगितले पाहिजे.

तिसरा पुरावा हाडांचा, आणि तो सर्वात पक्का. खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा. मधल्या कानात तीन हाडे. मानेत सात मणके. जिराफाच्या मानेतही सात आणि उंदराच्या मानेतही सात. सस्तनांत हा आकडा मोडणारे म्हणजे झाडावर लटकणारा मंदगती स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनाटी. या कसोट्यांना दोन्ही प्राणी उतरतात. म्हणजे 'वर्ग: सस्तन' ही ओळ तुम्ही पुराव्यानिशी लिहिली.

पायरी तिसरी: तुलना हाडांवर करा, कातडीवर नको

आता फरक. इथे पुढचा पाय घ्या, कारण या जोडीत सगळ्यात बोलका अवयव तोच आहे.

कागदावर तीन आकृत्या शेजारी-शेजारी काढा: माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, खवले मांजराचा पुढचा पाय. खांद्यापासून सुरुवात करून तिन्हींत एकाच हाडाला एकच रंग द्या. दंडाचे एक हाड, त्यापुढे अग्रबाहूची दोन, मग मनगटाची लहान हाडे, तळहाताची हाडे, शेवटी पाच बोटे. तिन्हींत क्रम तोच.

आता प्रमाण बघा. वटवाघळाच्या दुसऱ्या ते पाचव्या बोटांची आणि तळहाताची हाडे विलक्षण लांबली आहेत आणि त्यांच्यावर कातडीचा पडदा ताणला आहे. अग्रबाहूच्या दोन हाडांपैकी एक बारीक होत जवळजवळ उरलेलेच नाही. अंगठा मात्र मोकळा आहे, त्याला नखी आहे. या मोठ्या वटवाघळाच्या दुसऱ्या बोटालाही लहानशी नखी असते, जी कीटकभक्षी वटवाघळांत नसते. खवले मांजराचे नेमके उलटे: दंडाचे हाड आखूड, रुंद, स्नायूंना घट्ट धरण्यासाठी उंचवटे असलेले, बोटे आखूड आणि मधल्या तीन बोटांवर दणकट नखे, त्यांत मधले सर्वात मोठे. वाळवीचे कडक वारूळ फोडायला हीच नखे लागतात.

एकच आराखडा, दोन टोकाची कामे. मागच्या पायांकडे एवढाच वेळ देण्याची गरज नाही. वटवाघळाच्या बोटांतले स्नायुबंध लटकताना आपोआप अडकून बसतात, म्हणून झोपेतही ते पडत नाही, एवढी नोंद पुरे.

दुसरी जागा तोंड. टेरोपसला ३४ दात असतात; फळ दाबून, चावून, रस गिळून ते चोथा थुंकून टाकते. त्यांच्या झाडाखाली हे चोथ्याचे गोळे सहज दिसतात. खवले मांजराला एकही दात नाही. जबडा बारीक काडीसारखा, चावण्याच्या स्नायूंना आधार देणारी गालाच्या हाडाची कमान अपुरी. त्याऐवजी लांब, चिकट जीभ, जिचे मूळ घशात नसून छातीत उरोस्थीच्या टोकाशी पोचते. चावण्याचे काम जठर करते: आतले अस्तर कडक, आणि मुंग्यांबरोबर गिळलेले खडे ते भरडायला मदत करतात.

पायरी चौथी: साम्यांची छाननी करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबा.

साम्ये दोन प्रकारची असतात. एका पूर्वजाकडून आलेली ती समजात. सारखे काम करता करता सारखी दिसू लागलेली ती समवृत्ती. नाते फक्त पहिल्या प्रकारावरून ठरते. वटवाघळाचा आणि कावळ्याचा पंख 'उडण्याचा अवयव' म्हणून समवृत्ती आहे: एकात बोटांवर ताणलेली कातडी, दुसऱ्यात पिसे. पण दोन्हींच्या आतली दंडाची आणि अग्रबाहूची हाडे समजात आहेत. एकाच अवयवात दोन्ही उत्तरे सापडतात, म्हणून 'पंख' असा मोघम शब्द न लिहिता कोणत्या भागाबद्दल बोलतो आहोत ते लिहा.

मोठमोठे अभ्यासकही इथे चकले आहेत. १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनिअस या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत वटवाघळांना माणूस, माकडे आणि लेमूर यांच्याबरोबर प्रायमेट्समध्ये ठेवले. छातीवरची स्तनांची जोडी आणि पुढचे दात ही त्याची खूण होती. त्याच आवृत्तीत खवले मांजराला त्याने हत्ती, मॅनाटी, स्लॉथ आणि मुंगीखाऊ यांच्याबरोबर 'ब्रूटा' या गणात घातले. खवले मांजरालाही स्तनांची जोडी छातीवरच असते. केवळ तीच खूण धरली असती तर तेही आपल्या पंगतीत आले असते. एका लक्षणावर नाते ठरवू नये, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

त्यानंतर बराच काळ खवले मांजर दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्माडिलो यांच्याबरोबर 'दंतहीन' प्राण्यांत गणले गेले. लांब जीभ, दात नाहीत, बळकट नखे: वरवर पाहता सगळे जुळते. पण अमेरिकेतल्या त्या गटाच्या पाठीच्या मणक्यांत जादा सांधे असतात आणि खवले मांजरात ते नाहीत. मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या प्राण्यांत दात झडणे आणि जीभ लांबणे हे पृथ्वीवर अनेकदा, स्वतंत्रपणे घडले आहे. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

वटवाघळांचा वाद तर अगदी अलीकडचा. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातले मेंदूशास्त्रज्ञ जॉन पेटिग्रू यांनी मांडले की मोठ्या फलाहारी वटवाघळांत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची मांडणी प्रायमेट्ससारखी आहे, तेव्हा ही वटवाघळे प्रायमेट्सची नातलग असावीत आणि उडणे सस्तनांत दोनदा उगम पावले असावे. कल्पना अभ्यासपूर्ण होती, पण डीएनएच्या पुराव्यापुढे टिकली नाही. सगळी वटवाघळे एकाच शाखेची आहेत.

पायरी पाचवी: शिडी लिहा

आता वर्गीकरण मांडा. वरून खाली या आणि जिथे वाटा वेगळ्या होतात तिथे ओळ तोडा.

सृष्टी: प्राणी
संघ: रज्जुमान
उपसंघ: पृष्ठवंशी
वर्ग: सस्तन
महागण: लॉरेशियाथेरिया
(इथपर्यंत दोघे एकत्र)

खवले मांजर: गण फोलिडोटा, कुल मॅनिडी, प्रजाती मॅनिस, जाती मॅनिस क्रॅसिकॉडाटा

वटवाघूळ: गण कायरॉप्टेरा, कुल टेरोपोडिडी, प्रजाती टेरोपस, जाती टेरोपस मेडियस

महागण म्हणजे अनेक गणांना एकत्र धरणारी पायरी; लॉरेशियाथेरियात कोण कोण येते ते सहाव्या पायरीत दिसेल. ही ओळ शालेय पुस्तकांत सहसा नसते. ती जरूर लिहा. ती नसेल तर दोघांत 'सस्तन' याखेरीज काही समान उरत नाही, आणि वाघ-उंदीर, हत्ती-माकड अशा कोणत्याही जोडीबद्दल तेवढेच म्हणता येते.

आणखी एक सावधगिरी. 'गण' ही ठराविक मापाची पेटी नाही. फोलिडोटा या गणात आज एकच कुल आहे आणि त्यात परंपरेने आठ जाती मानतात, चार आशियातल्या आणि चार आफ्रिकेतल्या. अलीकडे डीएनएवरून आणखी जाती सुचवल्या गेल्या आहेत. कायरॉप्टेरात जाती हजारांवर. दोन्ही 'गण' आहेत म्हणून त्यांचे वजन सारखे, असे समजू नका. शिडीच्या पायऱ्या माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत. निसर्गात आहेत त्या फांद्या.

पायरी सहावी: तिसरा आणि चौथा प्राणी आणून नाते तपासा

दोनच प्राणी समोर असतील तर 'जवळचे' किंवा 'लांबचे' या शब्दांना अर्थ नसतो. कोणापेक्षा जवळचे? म्हणून बाहेरचे प्राणी आणा. या जोडीसाठी मी पाच सुचवतो: मांजर, उंदीर, माणूस, हत्ती आणि दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ.

२००१ मध्ये दोन संशोधक गटांनी अनेक सस्तनांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पोटात पिलू वाढवणारे, वार असलेले सस्तन चार मोठ्या शाखांत मोडतात, हे चित्र त्यातून पक्के झाले. आफ्रोथेरियात हत्ती, समुद्रातला डुगाँग आणि आफ्रिकेतला मुंग्या खाणारा आर्डव्हार्क. झेनार्थ्रात मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्माडिलो. युआर्कोंटोग्लायर्समध्ये उंदीर, ससे, माकडे आणि आपण. लॉरेशियाथेरियात चिचुंद्री, वटवाघळे, मांसाहारी प्राणी, खवले मांजरे, घोडे, गाई-म्हशी आणि देवमासे.

आता पाचही प्राणी या चार शाखांत ठेवा आणि निकाल वाचा. वटवाघूळ उंदरासारखे दिसते, पण त्याचे नाते उंदरापेक्षा खवले मांजराशी जवळचे आहे. खवले मांजर मुंगीखाऊसारखे जगते, पण मुंगीखाऊ त्याच्यापासून फार दूर आहे. हयात प्राण्यांत त्याचे सर्वात जवळचे नातलग म्हणजे मांसाहारी गण: मांजर, कुत्रा, अस्वल, मुंगूस यांचा. डीएनएखेरीज कवटीतही याची एक खूण सापडते. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामधला पडदा या दोन्ही गटांत हाडाचा झालेला असतो.

याचा अर्थ खवले मांजर हे मांजर आहे असा नव्हे. ते मांजरीच्या कुलातलेही नाही आणि गणातलेही नाही. फक्त दोन गणांच्या फांद्या शेजारच्या आहेत.

लॉरेशियाथेरियाच्या आत वटवाघळांची फांदी नेमकी कुठे फुटली, यावर अजून संशोधन चालू आहे. त्या शाखा थोड्या अवधीत झपाट्याने वेगळ्या झाल्या, त्यामुळे वेगवेगळी जनुके वेगवेगळी साक्ष देतात. तुमच्या आकृतीत त्या जागी एकाच बिंदूतून तीन-चार रेघा काढल्या तरी चालेल. खात्री नसताना नेटकी दुफळी दाखवण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे.

पायरी सातवी: जीवाश्मांकडे एकदा बघा

जर्मनीतल्या मेसेल या ठिकाणी एका प्राचीन तळ्याचा गाळ आहे, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. १९९५ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे वटवाघळांचे जीवाश्म सापडले आहेत आणि इओमॅनिस हे खवले मांजरही. तेवढ्या जुन्या काळातली वटवाघळे पूर्ण पंखांची होती आणि इओमॅनिस आजच्या खवले मांजराशी चांगलेच मिळतेजुळते होते. त्याहून थोडे जुने, सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे ऑनिकोनिक्टेरिस हे वटवाघूळ अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये मिळाले. २००८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या पाचही बोटांना नख्या होत्या. तिसऱ्या पायरीतल्या आकृतीशेजारी हे लिहा: आजच्या कीटकभक्षी वटवाघळांत सहसा एका बोटाला नखी, टेरोपसला दोन, त्या प्राचीन वटवाघळाला पाच. बदल कोणत्या दिशेने झाला ते एका ओळीत दिसते. आणि दोन फांद्या वेगळ्या होण्याचा काळ या सगळ्या जीवाश्मांच्याही मागे जातो, हेही स्पष्ट होते.

पायरी आठवी: निरीक्षण कसे करावे

वटवाघळांची वसाहत दुर्बिणीने, दुरून पाहा. झाडाखाली चोथा आणि विष्ठेतल्या बिया दिसतात. फोटो काढा, हात लावू नका. पडलेले किंवा जखमी वटवाघूळ उचलू नका, त्यांनी अर्धवट खाल्लेली फळे खाऊ नका. निपाह विषाणूचा नैसर्गिक आसरा याच गटातल्या वटवाघळांत आहे. म्हणून वसाहती उठवाव्यात असे मात्र नाही. त्रास दिला की ती विखुरतात, आणि वड-उंबराच्या बिया दूरवर पेरणारा प्राणीच आपण घालवून बसतो.

खवले मांजर प्रत्यक्ष दिसण्याची आशा ठेवू नका. खुणा शोधा: बीळ, उकरलेले वारूळ, नखांचे ओरखडे. आणि खूण सापडली तर जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोतली स्थाननोंद बंद ठेवा. तस्कर अशाच माहितीच्या मागावर असतात. प्राणी विहिरीत पडलेला किंवा कोणी पकडलेला दिसला तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन या प्राण्यासाठी काम केले आहे. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी जागतिक खवले मांजर दिन असतो.

कायद्याची तुलनाही तक्त्यात घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतीय खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. २०१६ मध्ये आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. फलाहारी वटवाघळे मात्र कित्येक वर्षे त्याच कायद्यात उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली.

हाडे जवळून पाहायची असतील तर नैसर्गिक इतिहासाचे दालन असलेले संग्रहालय गाठा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे दालन आहे. आजची मान्य नावे तपासायला अमेरिकेतल्या सस्तनशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सस्तन प्राण्यांचा खुला डेटाबेस इंटरनेटवर आहे.

हीच पद्धत वापरून पुढची जोडी उलट्या स्वभावाची घ्या: दिसायला सारखी, नात्याने लांब. कोकण किनाऱ्यावरचा डॉल्फिन आणि कच्छच्या आखातातला डुगाँग. दोघांचा आकार माशासारखा, दोघांचे पुढचे पाय वल्ह्यासारखे, दोघांची शेपटी आडवी. सुरुवात वल्ह्यातल्या हाडांपासून करा, मग चार शाखांच्या यादीत दोघांना शोधा. एक गाईच्या शाखेत सापडेल, दुसरा हत्तीच्या.